चिमायची खांड

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. पाणखारच्या लोकांना विचारलंत तर ते पाच पिढ्या म्हणतील, पलीकडच्या तीरावरचे नऊ म्हणतील, आणि मग तुम्हाला मध्ये बसवून दोघं भांडतील. तेव्हा खाडीत शिडाच्या होड्या होत्या आणि पाणखारला यायचं तर बांधावरून चालत यावं लागे, एवढं धरून चला.

पाणखार हे मुळात समुद्राच्या जागेत वसलेलं गाव. जुन्या माणसांनी खाडीच्या कडेने मातीचा उंच बांध घातला, भरतीचं खारं पाणी बाहेर अडवलं, आतल्या चिखलात भात लावलं आणि भाताच्या मधोमध घरं बांधली. ताटात वाटी ठेवावी तसं गाव. पाठीशी डोंगर, बाकी तिन्ही बाजूंना बांध. डोंगरातून उतरणारी धाकटी नावाची नदी शेतांमधून यायची आणि बांधातल्या एका लाकडी झडपेतून ओहोटीच्या वेळी खाडीत पडायची. बांध फुटला तर एका भरतीत खारं पाणी शेतात शिरणार, उभं भात जळणार, आणि जमीन पुढची तीन वर्षं दाणा देणार नाही, हे तिथलं शेंबडं पोरसुद्धा जाणून होतं. म्हणून पाणखारात चोरी माफ होती, मारामारी माफ होती, पण बांधाचं ढेकूळ उचलणाऱ्याला माफी नव्हती.

या बांधाची राखण चिमाय करायची.

रोज सकाळी ती अनवाणी सगळा बांध चालायची. बांधाचा खरा वैरी भरती नाही, खेकडा. तो बीळ पाडतो, बिळातून पाणी झिरपतं, आणि बोटाएवढ्या बिळाची दोन भरत्यांत खांड होते. खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. चिमाय टाचेने बीळ ओळखायची. पाय टेकला की म्हणायची, "हितं पोकळ हाय," आणि पेंढा आणि चिखल ठासून पुढे जायची. गड्यांनी खात्री करायला कुदळ मारून पाहावी, तर हातभर खाली बीळ निघायचंच. मग ते गडी मिशीवरून हात फिरवत घरी जायचे.

हे काम बाईमाणसाकडे कसं आलं ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

अकरा वर्षं आधी ही राखण तिच्या नवऱ्याकडे, पदाजीकडे होती. आषाढातल्या पुनवेच्या भरतीला बांधाला खांड गेली. वीस गडी टोपल्यांनी चिखल ओतत होते आणि पाणी तो धुऊन नेत होतं. तेव्हा पदाजी खांडीत उतरला. खाडीकडे तोंड करून उभा राहिला, दार लोटून धरावं तसे दोन्ही तळहात पुढे केले आणि म्हणाला, "टाका माती." मातीला त्याच्या अंगाचा आधार मिळाला आणि ती ठरू लागली. गुडघ्यापर्यंत आली, कमरेपर्यंत आली, आणि मग पदाजीला पाय काढता येईनात. सगळ्यांत पुढे टोपली घेऊन हिराजी पाटील होता, तेव्हा पंचविशीचा. त्याचे हात थांबले. पदाजी मान न वळवता म्हणाला, "हिराजी, थांबलास तर गाव गेला." हिराजी थांबला नाही.

खांड भरली. चिमाय भाकरी घेऊन आली तेव्हा बांध सपाट होता आणि वीस माणसं माना खाली घालून उभी होती. शेवटी हिराजीने मातीकडे बोट केलं. चिमायला समजायला वेळ लागला, आणि समजलं तेव्हा तिला रडू आलं नाही. तिने एवढंच विचारलं, "तोंड कुठल्या बाजूला हाय?"

"खाडीकडं," हिराजी म्हणाला.

ती खाली बसली, भाकरी त्या मातीवर ठेवली, आणि दुसऱ्या दिवसापासून बांधावर चालू लागली. पदाजीला कोणी उकरून काढला नाही. काढणार कसा? त्याला काढला तर खांड उघडी पडली असती. पोटी मूल नव्हतं. घरात एक आंधळी सासू, जिला सगळं गाव बय म्हणायचं. रोज सकाळी चिमाय त्या जागेवर तांब्याभर गोडं पाणी ओतायची. माणूस खाऱ्या चिखलात उभा आहे, त्याला तहान लागत असेल, असं तिचं म्हणणं. अकरा वर्षांत एक दिवस खंड पडला नाही.

तर त्या वर्षी गणपती गेले आणि धाकटी नदी आटली. भर भादव्यात आटली. बायका भांडी घासायला गेल्या तर नुसते गोटे. गाव खूश झालं. पाऊस लवकर संपला, आता दाणा चांगला भरेल, असा सगळ्यांनी हिशेब केला. वर डोंगरात काय झालंय ते बघायला कोणी गेलं नाही. पाणखारची माणसं खाडीकडे तोंड करून जन्मतात आणि खाडीकडे तोंड करूनच मरतात. पाठीमागे काही असतं, हे त्यांच्या गावीही नसतं.

भादव्यातल्या पुनवेला गावाने देवीला कौल लावला. पाणखारची देवी खारजाई. तिला मूर्ती नाही, नाकडोळे नाहीत. एक काळा पाषाण आहे. दरवर्षी तानू गुरव पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला तेरड्याची एकेक ओली पाकळी चिकटवायचा आणि गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा, "आई, तुझी लेकरं तुझ्या दारात उभी हायती. बांध राखशील ना?" उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. इतक्या वर्षांत उजवीच पडत आली होती. माणसं नारळ फोडून घरी जायला मोकळी.

त्या वर्षी डावी पडली.

गुरवाने पाकळ्या बदलल्या, पुन्हा गाऱ्हाणं घातलं. डावी पडली. तिसऱ्यांदा पाकळी पाषाणाला लागेना. लागली, आणि लागल्या लागल्या पडली. डावी. असं म्हणतात, की तेव्हा देवळातली एक बाई उभ्याउभ्या खाली बसली आणि तिला उठवायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही.

मग गावाने केलं ते पाणखारची माणसंच करू जाणोत. हिराजी पाटील म्हणाला, बांध कमी पडतोय, असं देवी सांगतेय. उंच करा. लगेच सगळं गाव कामाला लागलं. दहा-बारा दिवस बाया-बापे चिखल वाहत होते. सगळा बांध हातभर उंच झाला. ताटाचे काठ वाढवले आणि वाटीतली माणसं निर्धास्त झाली. देवी नाही म्हणतेय एवढं ऐकू आलं. कशाला नाही म्हणतेय, ते विचारायचं कोणाला सुचलं नाही.

चिमायही चिखल वाहत होती. चौथ्या दिवशी सकाळी ती पदाजीच्या जागेवर पाणी ओतत होती, तेव्हा मागून कोणी म्हणालं, "चिमे, खांड पाड."

आवाज साधा होता. शेजारीण अंगणातून हाक मारते तसा. चिमायने वळून पाहिलं. बांधावर चिटपाखरू नव्हतं. तिला चिमे म्हणणारी एकच बाई होती, तिची आई, आणि ती जाऊन वीस वर्षं झाली होती. तांब्या तिच्या हातातून निसटला आणि गडगडत खाली शेतात गेला. तो उचलायला ती थांबली नाही. घरी येऊन दार लावून बसली आणि बयला म्हणाली, कपाळ दुखतंय.

तीन दिवसांनी ती देऊळ झाडत होती. पुन्हा तोच आवाज, आता पाषाणाच्या बाजूने. "चिमे, खांड पाड. सर्वपित्रीच्या सकाळी, ओहोटीला. पदाजीच्या जागंवर."

चिमायने केरसुणी खाली टाकली. ती देवीसमोर अशी उभी राहिली, जशी विहिरीवर भांडणाऱ्या बाईसमोर उभी राहिली असती.

"मी नाय," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला सांग. माजा माणूस त्या मातीत हाय. भात पोटरीतून बाहेर आलंय. लोकांच्या तोंडातला घास माज्या हातानं काढू? आनि कशाला? कशाला ते तरी सांग."

देव काम सांगतो तेव्हा कारण सांगत नाही, ही त्याची जुनी खोड आहे. आपण शेजाऱ्याला कुदळ देतानासुद्धा दहादा विचारतो, कशाला पाहिजे म्हणून. चिमायला राग आला होता, आणि त्या रागाखाली भीती होती, आणि भीतीखाली तिला हेही कळत होतं, की तो आवाज खरा आहे. टाचेखाली पोकळ लागावं तसं ते कळत होतं. पोकळ असलं की असतं. ती काही आपण ठरवायची गोष्ट नव्हे.

तरी तिने एक शेवटची वाट धरली. ती तानू गुरवाकडे गेली आणि म्हणाली, "तानूभाऊ, माज्यासाठी कौल लाव."

काय विचारायचं ते ऐकून गुरवाचा चेहरा पांढरा पडला. "वैनी, ह्ये देवीच्या कानावर घालू? जीभ झडंल माजी."

"जीभ तुजी झडंल, हात माजे झडतील. लाव."

दुपारचं देऊळ रिकामं होतं. गुरवाने पाकळ्या लावल्या आणि पुटपुटत सुरुवात केली, "आई, चिमाय विचारते, की बांधाला पदाजीच्या जागंवर खांड..." वाक्य पुरं झालं नाही. उजवी पाकळी पडली. पडली म्हणजे गळली नव्हे. कोणी टिचकी मारावी तशी उडून चिमायच्या पायाशी आली.

"आता विचार, कशासाठी," चिमाय म्हणाली.

गुरवाने पडलेली पाकळी उचलली. मग हळू म्हणाला, "कौलाला हो आनि नाय एवढंच येतं, वैनी. का, ते त्यात बसत नाय." आणि पंच्याने कपाळ पुसून तो पुढे म्हणाला, "मी काय बघितलं नाय. मला विचारशील तर मी आज देवळात आलोच नाय."

चिमायला त्याचा राग आला नाही. तिलाही तेच म्हणता आलं असतं तर तिने म्हटलं असतं.

सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, तिने बयला सगळं सांगितलं. बय चुलीपाशी बसली होती. आईला सांगायचं होतं, की तुझ्या पोराला मी उद्या उकरणार आहे. सांगून झालं आणि ती शिव्या ऐकायला तयार होऊन बसली. तिला त्या शिव्या हव्या होत्या. बय नको म्हणाली असती तर देवीला तोंड दाखवायला एक सबब झाली असती.

बय चुलीतलं लाकूड चाचपून मागे ओढत होती. ती म्हणाली, "अकरा वर्सं उभा हाय गो तो. पाय दुखले असतील. बस म्हणावं आता."

मग चिमाय रडली. नवरा गेला तेव्हा रडली नव्हती, तेही रडून घेतलं. बयने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि रडू दिलं.

अमावास्येची ओहोटी सगळ्यांत खोल. तांबडं फुटलं तेव्हा खाडी मागे सरून नुसता चिखल चमकत होता. चिमायने बयला हात धरून बांधावर आणलं, गोणपाटावर बसवलं, पदर खोचला आणि फावडं उचललं. पहिला घाव घालण्याआधी तिने गावाकडे पाहिलं. घराघरांतून धूर निघत होता. पितरांच्या जेवणाची तयारी चालली होती. भात बांधापासून बांधापर्यंत उभं होतं, कणसं वाकलेली. दुपारी भरती येणार होती. दुपारपर्यंत देवीने आपला शब्द दाखवला नाही, तर हे सगळं जळणार होतं, आणि जाळणारी चिमाय असणार होती. ती म्हणाली, "आई, तू सांगितलंस म्हणून," आणि घाव घातला.

असं म्हणतात, की जिथे चार गड्यांना दुपार झाली असती, ती माती तिच्या फावड्याखाली लोण्यासारखी निघत होती. कंबरभर खाली गेल्यावर तिने फावडं ठेवलं आणि हातांनी उकरायला लागली.

नेमका तेव्हा हिराजी पाटील नवा बांध बघायला त्या बाजूला आला. त्याने लांबून पाहिलं आणि त्याचा डोळ्यांवर विश्वास बसेना. बांधाची राखण करणारी बाई बांध फोडत होती. तो ओरडत गावाकडे धावला, आणि ज्याने ज्याने ऐकलं तो हातातलं टाकून निघाला. चुलीवरचा भात चुलीवर राहिला, पितरांची पानं अर्धी वाढलेली राहिली. म्हातारे आले, तान्ही कडेवर घेऊन बायका आल्या, बाळंतिणीसुद्धा आल्या. चिमायने बांध फोडला, हे शब्द ऐकून घरात बसेल असा माणूस पाणखारात नव्हता. घटकाभरात सगळं गाव बांधावर उभं होतं, आणि सगळं गाव एकदम गप्प झालं.

कारण खांडीत पदाजी उभा होता.

अकरा वर्षांचा मेलेला माणूस जसा असावा तसा नव्हता. ओल्या मातीच्या रंगाचा झाला होता, पण सबंध होता. डोळे मिटलेले, तोंड खाडीकडे, दोन्ही तळहात पुढे टेकलेले, दार लोटून धरल्यासारखे. ज्या वीस गड्यांनी त्या दिवशी माती टाकली होती त्यांतले अकरा अजून जिवंत होते. त्या अकराच्या अकरा जणांनी तोंडावर हात घेतले. हिराजी पाटील मटकन खाली बसला.

चिमाय नवऱ्याच्या कानाशी वाकली. भाकरी खायला बोलवावं तशा आवाजात म्हणाली, "अवं, बय म्हणते, बसा आता. पाय दुखले असतील."

पदाजीचे हात खाली आले. आधी उजवा, मग डावा. मग तो गुडघ्यांत वाकला आणि दमलेला माणूस बांधाला टेकून बसतो तसा बसला. त्याच्या बाजूने शेतातलं पाणी खळखळ करत खाडीकडे वाहू लागलं.

हे पाहणारी माणसं होती तशीच उभी राहिली. कोणाला पळायचं सुचलं नाही, कोणाला नमस्कार करायचं सुचलं नाही. असं म्हणतात, की कडेवरची पोरंही रडायची थांबली.

भानावर आधी हिराजी आला, कारण तो पाटील होता आणि भरतीची वेळ त्याच्या रक्तात होती. तो उठला. त्याचे डोळे वाहत होते. त्याने मातीचं मोठं ढेकूळ दोन्ही हातांत उचललं आणि म्हणाला, "वैनी, बाजूला हो. खांड भरायला पायजे."

चिमाय बाजूला झाली नाही. ती खांडीत उतरली, पदाजीच्या अलीकडे, पण त्याच्यासारखी खाडीकडे तोंड करून नाही. गावाकडे तोंड करून उभी राहिली. चिखलात ती गुडघ्यापर्यंत गेली.

"देवीनं सांगितलंय," ती म्हणाली.

"का?" हिराजी म्हणाला. "कशासाठी सांगितलंय?"

"ते सांगितलं नाय."

"मग तू केलंस कसं?"

"मी पण तेच विचारत होते हिराजीभाऊ, बारा दिस." चिमाय म्हणाली. "अकरा वर्सांमागं तू माती टाकलीस. तुला कोणी दोष दिला नाय, मी पण नाय दिला. आता माज्यावर टाकायची तर टाक. मी वर येनार नाय."

हिराजी ढेकूळ घेऊन उभा होता. मागून माणसं ओरडत होती, टाक, टाक, भरती येईल. गुरव गर्दीत होता. एक शब्द बोलला असता तर चिमाय एकटी पडली नसती, पण त्याची जीभ टाळूला चिकटली होती, आणि याची लाज त्याला मरेपर्यंत पुरली. हिराजीने हात वर नेले. ते हात तिथेच राहिले. त्याने एकदा टाकली होती, दुसऱ्यांदा त्याच्याने टाकवेना.

चिमायचं तोंड डोंगराकडे होतं, म्हणून तिने आधी पाहिलं.

डोंगराच्या कुशीतून धुरळा उठल्यासारखं दिसलं. आभाळ निरभ्र होतं, वारा नव्हता. मग तो धुरळा तपकिरी झाला आणि खाली येऊ लागला. मग आवाज आला. डोंगराचा कडा गणपतीनंतर कधीतरी नदीत कोसळला होता, त्याने नदी अडवून धरली होती, आणि तिथे एवढं पाणी साठत होतं, की त्यात दहा पाणखार बुडाले असते. नदी आटली म्हणून गाव खूश होतं. ती आटली नव्हती. ती दम धरून बसली होती.

"बांध सोडू नका," चिमाय म्हणाली. "पोरं उचलून धरा. बयला धरा."

पाणी आलं ते घरांवरून आलं. ज्या चुलींवर भात होता त्या चुली गेल्या, कुडाच्या भिंती गेल्या, गोठे गेले. ताट भरायला लागलं. पाणी बांधाला भिडलं, वर चढलं, नव्या हातभर मातीपर्यंत आलं, आणि बांधावर उभ्या असलेल्या माणसांची पावलं भिजली. बांध पायांखाली हलायला लागला. आणखी चार बोटं चढतं तर बांध माणसांसकट खाडीत गेला असता. पण पाण्याला खांड सापडली. बाहेर खाडी दीड पुरुष खोल उतरलेली होती. सगळा डोंगर त्या चार हात खांडीतून बाहेर पडायला धावला. दोन्ही कडा ढासळल्या आणि खांड दहा हात रुंद झाली.

पाणी आलं तेव्हा हिराजीने हातातलं ढेकूळ टाकून चिमायला हात दिला होता. तिने तो धरला नाही, असं काही जण म्हणतात. धरला पण चिखलाने पाय सोडले नाहीत, असं काही म्हणतात. सगळे एवढं एक सांगतात, की पाणी छातीला लागलं तेव्हा बसलेला पदाजी उठला आणि तिच्या पाठीशी उभा राहिला. मग दोघंही दिसली नाहीत.

दुपार व्हायच्या आधी पाणी ओसरलं. भात सगळं आडवं झालं होतं, पण पाणी डोंगराचं, गोडं होतं. जळालं काही नाही. भरतीच्या आधी खांड भरायला गाव धावलं, आणि त्या दिवशी माती ठरवायला कोणाला आत उभं राहावं लागलं नाही. टोपली टाकली की ती बसत होती. गावात एक घर उभं राहिलं नाही आणि चिमाय सोडली तर एक माणूस मेलं नाही. देवळात हिराजीने पाण्याची खूण बघितली. ती पाषाणाच्या डोक्यावरून दोन हात वर होती. सकाळी सगळे आपापल्या चुलीपाशी बसले असते, तर बातमी सांगायलासुद्धा कोणी उरलं नसतं. तो तिथे उभा राहिला आणि त्याला हुंदका आवरेना.

संध्याकाळी तो बयपाशी जाऊन बसला. ती गोणपाटावर तशीच बसून होती. बयनेच विचारलं, "माजी सून गेली ना? तोंड कुठल्या बाजूला होतं तिचं?"

"आमच्याकडं होतं, बय," हिराजी म्हणाला.

बयने मान डोलावली.

पाणखार अजून आहे. त्या जागेला चिमायची खांड म्हणतात, जरी तिथे खांड नाही, चांगला रुंद बांध आहे. सर्वपित्रीच्या सकाळी ओहोटीला सगळं गाव बांधावर येतं. पाळण्यातलं मूलही घरी ठेवत नाहीत. त्या दिवशी पाणखारात चोराला रान मोकळं असतं, पण आजवर एकही चोर फिरकलेला नाही. खांडीच्या जागी दोन पानं वाढतात, दोन तांबे गोडं पाणी ओततात. हिराजीच्या घराण्यातला पुरुष दोन्ही हातांत मातीचं ढेकूळ धरून डोंगराकडे तोंड करून उभा राहतो, आणि तो ते खाली ठेवत नाही तोवर कावळा पानाला शिवत नाही, असं म्हणतात. दुसऱ्या दिवशी घट बसतात. त्या घटांसाठी प्रत्येक घर तिथलीच ओंजळभर माती नेतं.

आणि कौल आता पुनवेला देवळात लागत नाही, त्याच सकाळी बांधावर लागतो. पाषाणाचा धाकटा तुकडा तिथे आणून ठेवला आहे. तानू गुरवाने उरलेल्या आयुष्यात एकच शहाणपणाची गोष्ट केली. त्याने गाऱ्हाणं बदललं. बांध राखशील ना, असं आता कोणी विचारत नाही. गुरव दोन पाकळ्या लावतो आणि म्हणतो, "आई, तुज्या मनात काय हाय? बांध ठेवू?" मग कोणी बोलत नाही. ढेकूळ धरणारे हात दुखायला लागतात, तरी कोणी बोलत नाही. पाकळी पडेपर्यंत सगळं गाव उभं असतं.

त्यानंतर दरवर्षी उजवीच पडत आली आहे. डावी पडली तर काय, हे पाणखारात कोणी बोलून दाखवत नाही. पण त्या सकाळी गावातली सगळ्यांत म्हातारी बाई पुढे चालत असते, अनवाणी, आणि तिच्या खांद्यावर धार लावलेलं फावडं असतं.